दम्याच्या लेकराला दवाखान्यातून घरी नेण्याआधी

सुट्टी मिळाली की सगळ्यांना गावाकडची गाडी पकडायची घाई असते, पण निघण्याआधी सिस्टरसमोर पंप (इन्हेलर) स्वतःच्या हाताने देऊन दाखवा, नुसतं "समजलं" म्हणू नका. पंप हलवायचा, स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या प्लास्टिकच्या नळीला, लावायचा, लहान लेकराला मास्क नाकातोंडावर घट्ट बसवायचा, एकदाच दाबायचा आणि पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे, दुसरा पफ द्यायचा तर परत हलवून. आजीलाही त्याच वेळी बोलवा, कारण तुम्ही कापूस वेचायला गेलात की घरी तीच असते आणि पंपाची सवय लागते असं तिला कोणीतरी सांगितलेलं असतं. सवय लागत नाही हे डॉक्टरांच्याच तोंडून तिला ऐकू द्या.

बहुतेकांना दोन पंप देतात. दोन्हींवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहा, एकावर "धाप लागली की", दुसऱ्यावर "रोज". लेकरू खेळायला लागलं की रोजचा पंप बंद होतो आणि तिथंच सगळं बिघडतं, कारण श्वासनळीची सूज तोच कमी ठेवतो. डॉक्टर म्हणेपर्यंत बंद करायचा नाही, घेतल्यावर चूळ भरायची. पंप गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळला 45 च्या वर जातं आणि पंप 30 च्या आत ठेवायचा असतो.

घरात भाव वाढायची वाट बघत कापूस भरून ठेवला असेल तर लेकराला त्या खोलीत झोपवू नका. भरतासाठी पऱ्हाट्या पेटवाल, मिरची भाजाल तेव्हा त्याला लांब पाठवा. डासांची कॉइल बंद, बिडी-सिगारेट तर अंगणातही नको.

कधी कसा पंप द्यायचा, किती पफ, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, फोटो मोबाईलमध्ये ठेवा, शाळेतल्या सरांनाही एक प्रत द्या. आठवड्याच्या आत परत दाखवायची तारीखही त्यावरच घ्या.

श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात, एक वाक्य धड बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा पंपाचा आराम चार तासही टिकत नाही, तर सकाळची वाट बघू नका. कागदावर लिहिल्याप्रमाणे "धाप लागली की" वाला पंप द्या, 108 ला फोन करा, वाटेतही पंप चालू ठेवा. आणि रात्री गाडी कोणाची मिळेल ते आजच शेजारी विचारून ठेवा.