पहिली-दुसरीच्या पोरांना वळण लावताना

खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. तिसरीच्या फळ्याकडे वळलं की पहिलीकडे पाठ होते, आणि नेमका तेव्हाच कल्ला सुरू होतो. छडीचा धाक छडी दिसते तोवरच. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना मनाई केली आहे. इथे उपयोगी पडते ती पाठ फिरवल्यावरही चालू राहणारी सवय.

विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडते. पहिले दोन आठवडे अभ्यासापेक्षा सवयींना द्या. नियम तीनच ठेवा आणि काय करायचं ते सांगा. ‘पळू नका’ म्हटलं तर सहा वर्षांच्या पोराच्या कानात ‘पळू’ तेवढंच राहतं. ‘वऱ्हांड्यातून चालत जा’ म्हणा. घरी गोंडी, कोरकू किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलांना नियम एकदा त्यांच्या बोलीत सांगा. वरच्या वर्गातला एखादा पोट्टा हे काम आनंदाने करतो. मग आधी तुम्ही करून दाखवा, नंतर दोन मुलं, नंतर सगळे. रोज पाच मिनिटं पुरतात.

सगळ्यात जास्त ढकलाढकली होते खिचडीच्या आधी, हात धुताना. तिथे मुलांना रागावण्याआधी हिशेब करा: ३० मुलं, एक नळ, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे शेवटच्या मुलाला दहा मिनिटं उपाशीपोटी उभं राहायचंय. तो ढकलणारच. उपाय असा: पाच-पाच जणांना सोडा, बाकीचे वर्गातच गाणं म्हणत बसतील. जमलं तर पाइपला पाच तोट्या बसवून घ्या. सगळा वर्ग तीन-चार मिनिटांत मोकळा होतो. हातपंप असेल तर दांडा पाचवीच्या मुलाकडे द्या. उभं राहायच्या जागी हातभर अंतराने गोल काढा, पण चुन्याने नको, पहिल्याच पावसात जातात. घरात उरलेला ऑइलपेंट वापरा.

आता शाबासकी. नुसतं ‘शाब्बास’ चार दिवसांत पोकळ होतं. काम जागच्या जागी, नाव घेऊन सांगा: ‘पायल, तू चप्पल जोडीने ठेवली, दारात वाट मोकळी झाली.’ तासाभराने सांगितलं तर ते कशाबद्दल होतं हेच पायलला कळत नाही. ‘बघ, ती कशी शहाणी’ असं दुसऱ्याला मात्र म्हणू नका; त्याने वागणं सुधारत नाही, पायलशी दुष्मनी होते.

पूर्ण वर्गासाठी पारदर्शक बरणी आणि चिंचोके घ्या. सगळ्यांनी मिळून काही नीट केलं की एक चिंचोका आत. तळापासून दोन बोटांवर रेघ मारा, म्हणजे पहिलं बक्षीस दोन-तीन दिवसांत मिळेल. रेघ उंच असली तर पहिलीची मुलं कंटाळून सोडून देतात. बक्षीस म्हणजे कडुलिंबाखाली गोष्ट किंवा पंधरा मिनिटं जास्तीचा खेळ. चॉकलेट नको, मग ‘काय देता?’ विचारल्याशिवाय कोणी हलत नाही. टाकलेला चिंचोका कधीही परत काढू नका. एकाच्या खोडीसाठी सगळ्यांची कमाई गेली की सगळे त्याच्यावर तुटून पडतात. आणि बरणी तुमच्याच टेबलावर ठेवा. लहान मुलं चिंचोके नाकात घालतात.

लक्ष वेधायला केलेल्या बारीकसारीक खोड्यांकडे दुर्लक्ष करा. पहिले तीन-चार दिवस खोड्या वाढतात, घाबरू नका. मधेच ओरडलात तर ‘जास्त केलं की लक्ष मिळतं’ एवढंच पोरगा शिकतो. मारामारीकडे मात्र दुर्लक्ष नाही: जवळ जाऊन, हळू आवाजात, लगेच थांबवायची. पाणी ज्याने सांडलं त्यानेच पुसायचं, हवं तर तुम्हीही फडका धरा. सगळा वर्ग झाडायची शिक्षा देऊ नका. झाडू म्हणजे अपमान हे मग डोक्यात बसतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप पहाटेच शेतात गेलेले असतात. अकरा वाजता चिडचिड करणाऱ्या पोराला आधी विचारा, ‘काय खाऊन आलास?’

आठवडी बाजारात बाप भेटला तर तिथे चारचौघांत तक्रार करू नका. त्यावरून रात्री घरी पोराला मार बसू शकतो. पोराने त्या आठवड्यात केलेली एक चांगली गोष्ट सांगा. अडचण सांगायचीच असेल तर शाळेत बोलावून, दोघांनी मिळून काय करायचं ते ठरवून सांगा.