वापरलेली स्पोर्ट बाईक: आपल्याला बसणारी गाडी कशी निवडावी

जुनी स्पोर्ट बाईक घेणारे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी मॉडेल ठरते, मग रंग, मग सायलेन्सरचा आवाज. या गाडीवर आपल्याला सलग अर्धा तास तरी बसवेल का, हा प्रश्न पैसे दिल्यावर सुचतो. साध्या गाडीवर बसण्याची ढब थोडी इकडेतिकडे झाली तरी चालून जाते. इथे हँडल खाली, फूटरेस्ट वर आणि मागे, अंग टाकीवर झुकलेले, त्यामुळे जे बसत नाही ते पहिल्याच लांब फेरीत कळते. शिवाय फेअरिंगच्या (गाडीला वेढणाऱ्या बाहेरच्या कवचाच्या) प्लास्टिकमागे गाडीचा बराच इतिहास झाकलेला असतो. म्हणून अर्धे काम गाडी पाहायला जाण्याआधी उरकावे आणि उरलेले गाडीपुढे उकिडवे बसून.

१. ताकद किती हवी ते आधी ठरवा

कावासाकी निन्जा ४०० (३९९ सीसी), यामाहा आर३ (३२१ सीसी), केटीएम आरसी ३९० (३७३ सीसी) या गाड्या साधारण ४० ते ५० पीएस (अश्वशक्तीचे एकक) ताकद देतात. चार सिलिंडरच्या ६०० सीसी सुपरस्पोर्टमध्ये हा आकडा १०० च्या पुढे जातो, तर लिटर बाईकमध्ये (सुमारे १००० सीसी) मॉडेलच्या वर्षानुसार १५० ते २०० च्या घरात.

फसवतो तो ६०० चा स्वभाव. सहा-सात हजार आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला फेरे) ती गरीब गाईसारखी चालते आणि नवख्याला वाटते, ही तर जमली. खरी ताकद त्याच्या वर, आणि ती येते एकदम. पहिल्याच गिअरमध्ये गाडी ताशी १०० कि.मी. ओलांडते, म्हणजे रोजच्या रस्त्यावर तिची ताकद जवळपास वापरलीच जात नाही. मांड्यांना लागणारी इंजिनची धग आणि मनगटांवरचा भार मात्र रोज सोसावा लागतो. पहिलीच स्पोर्ट बाईक असेल तर ३०० ते ४०० सीसी, आणि काही वर्षे हात बसलेला असेल तर निन्जा ६५० सारखी दोन सिलिंडरची गाडी, असे आमचे मत आहे. दोन सिलिंडरची गाडी खालच्या आरपीएमलाही ओढते, आणि रस्त्यावर ओढच कामाला येते.

मॉडेलचे वर्षही याच टप्प्यात ठरवा, कारण सुरक्षेची साधने वर्षावर अवलंबून असतात. यामाहा आर६ ला एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) २०१७ च्या मॉडेलपासून आहे, त्याआधीच्या आर६ ला नाही. होंडा सीबीआर ६०० आरआरवर तो २००९ पासून मिळू लागला, पण पर्याय म्हणून. म्हणजे २०१० ची एखादी गाडी एबीएसवाली निघेल, दुसरी बिनएबीएसची. जाहिरातीवर विसंबू नका, पुढच्या चाकावरची दातेरी सेन्सर रिंग डोळ्यांनी पाहा.

२. इंजिन बंद ठेवून दहा मिनिटे बसा

सीटची उंची कागदावर वाचून निर्णय घेऊ नका. निन्जा ४०० ची सीट ७८५ मि.मी., आर६ ची ८५० मि.मी.; पण सीट किती रुंद आहे यावरही पाय टेकणे अवलंबून असते. अरुंद सीटची उंच गाडी कधी कधी रुंद सीटच्या बुटक्या गाडीपेक्षा सोपी पडते. नेहमीचे बूट घालून बसा. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकले पाहिजेत. एक पाय पूर्ण आणि दुसरा लोंबकळत, ही स्थिती उतारावर थांबताना गाडी पाडते.

मग पाय फूटरेस्टवर घ्या (कुणाला तरी गाडी धरायला सांगा) आणि चालवण्याच्या पवित्र्यात या. गुडघ्यांनी टाकी आवळून हात हँडलपासून दोन बोटे उचला. धड जागच्या जागी राहिले तर ठीक. पुढे कोसळत असाल तर तो सगळा भार मनगटांवर येणार. गुडघे फेअरिंगच्या कडेला आपटतात का, मान वर करून समोर बघताना आखडते का, हेही याच वेळी समजेल. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. काही गाड्यांत अंगठा टाकी आणि हँडलच्या मध्ये चिमटतो, आणि यू टर्न घेताना नेमका तेव्हाच क्लच सांभाळायचा असतो.

३. पडलेली गाडी ओळखणे

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. स्पोर्ट बाईक कधीच पडली नाही, हे ऐकून घ्यावे आणि स्वतः तपासावे. उभ्या उभ्या स्टँडवरून आडवी झालेली गाडी आणि वेगात घसरलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो ओरखड्यांच्या दिशेवरून कळतो. उभ्याने पडलेल्या गाडीच्या लीव्हरचे टोक, हँडलचे टोक आणि फूटरेस्टचे टोक एकेका जागी खरचटलेले असते, खुणा आखूड असतात. घसरलेल्या गाडीवर एकाच बाजूला पुढून मागे जाणाऱ्या लांब समांतर रेघा दिसतात: इंजिनच्या बाजूच्या कव्हरवर, सायलेन्सरवर, स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला. लीव्हर नवे कोरे आणि फूटरेस्ट झिजलेले, असा बेमेळ दिसला तर नवे का बसवले ते विचारा.

टॉर्च घेऊन हँडलखाली, फ्रेमच्या पुढच्या डोक्याशी बघा. हँडल पूर्ण वळले की जिथे अडते तो स्टॉपर तिथे असतो. तो दबलेला, तुटलेला किंवा वेल्डिंग करून पुन्हा बसवलेला असेल तर पुढून जोराचा मार बसलेला आहे. अशी गाडी सोडून द्या, भाव कितीही पडो. ॲल्युमिनियमची फ्रेम पोलादी फ्रेमसारखी सहज सरळ होत नाही. टाकीवर हँडल आपटल्याचा खळगा असेल तर तीच गोष्ट.

फेअरिंगच्या आतल्या बाजूला बोट घाला. मूळ पॅनेलवर आत बहुधा साच्यातले खुणांचे ठसे असतात, बाजारू पॅनेलवर क्वचितच. तुटलेले कान, चिकटवलेल्या भेगा, जुळत नसलेली भोके, बोल्टच्या डोक्यावर उडालेला रंग, या सगळ्या मागच्या कामाच्या खुणा. ऑइलच्या ड्रेन बोल्टला आणि ब्रेक कॅलिपरच्या बोल्टला आरपार बारीक भोक पाडलेले असेल तर तिथे सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून ओवलेली तार) बांधली जात होती, म्हणजे गाडी ट्रॅकवर पळाली आहे. ट्रॅकवर पळालेली गाडी वाईटच असते असे नाही, ऑइल बहुतेक वेळेवर बदललेले असते. पण मालकाने ते स्वतःहून सांगायला हवे होते.

४. इंजिन थंडच हवे

“येण्याआधी चालू करू नका” असे फोनवरच सांगा आणि पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर मालकाला काहीतरी लपवायचे असू शकते. थंड इंजिन चालू करताच दोन-तीन सेकंद खडखड येऊन थांबली तर बहुधा कॅम चेनचा (इंजिनातल्या साखळीचा) ताण राखणारा टेन्शनर सुस्तावला आहे. खडखड थांबतच नसेल तर मोठा खर्च. चालू करताना निळा धूर येऊन गेला तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय. ॲक्सिलरेटर देताना निळा धूर येत राहिला तर रिंगांवर. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट आत जळतो आहे.

किल्ली फिरवल्यावर एबीएस आणि इंजिनचे दिवे आधी लागले पाहिजेत, मग विझले पाहिजेत (एबीएसचा दिवा गाडी थोडी हलल्यावर विझतो). दिवा मुळात लागतच नसेल तर तो काढलेला किंवा झाकलेला आहे.

मल्टिमीटर खिशात ठेवा. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट हवेत, आणि ५,००० आरपीएमला साधारण १३.५ ते १४.५. त्याखाली राहिले तर स्टेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटर-रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग) गेलेला असतो. स्पोर्ट बाईकमध्ये हे दुखणे नेहमीचे, कारण रेक्टिफायर अनेकदा धगीत, वारा न लागणाऱ्या जागी बसवलेला असतो. त्याचा कनेक्टर उघडून जळकी पिन दिसते का बघा.

टॅपेट (व्हॉल्व्हमधली फट) तपासल्याचे बिल मागा. बऱ्याच जपानी गाड्यांत ही तपासणी २४,००० ते ४२,००० कि.मी.च्या दरम्यान येते, आणि टाकी, एअरबॉक्स, रेडिएटर सोडवण्यातच दिवस जात असल्याने नेमकी तीच टाळून गाडी विकली जाते.

५. टायर, चेन, ब्रेक, शॉकअप

टायरच्या कडेवर चार आकड्यांचा कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षे उलटली की नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेले असते आणि वळणावर पकड सुटते. जुनी पण जेमतेम चाललेली गाडी घेताना हेच विसरले जाते. तिच्या फोर्कचे (पुढच्या शॉकअपच्या नळ्यांचे) सील आणि ब्रेकचे होजही वाळलेले असतात.

मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) पाठीमागून चेन ओढा. चेन दातांवरून उचलून खाली फट दिसली, किंवा दात आकड्यासारखे वाकले असतील, तर पूर्ण सेट बदलावा लागेल. दातही मोजा. मागचा स्प्रॉकेट मोठा बसवला असेल आणि गाडी वेग गिअरबॉक्समधून मोजत असेल, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने ती मोजा, बाहेरच्या कडेवर नाही, पॅड घासतो तिथे. फोर्कच्या नळीवर ऑइलचे ओले वलय दिसले तर सील गेले. ऑइल पॅडवर उतरले असेल तर पॅडही गेले. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखे झाले तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) बदलायचा आहे.

६. चालवून पाहा

हेल्मेट, जॅकेट, हातमोजे असा पूर्ण पोशाख घालून, रिकाम्या सरळ रस्त्यावर. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर द्या. गिअर सटकून न्यूट्रलकडे आला तर गिअरचे डॉग (एकमेकांत अडकणारे दात) झिजलेले आहेत. इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय हे दुरुस्त होत नाही, म्हणून इथेच थांबा. वरच्या गिअरमध्ये मध्यम आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा. आरपीएम चढले आणि वेग नाही, तर क्लच प्लेट घसरतात. पुढचा ब्रेक हलका दाबताना लीव्हर बोटांत थरथरला तर डिस्क आऊट (वाकडी) आहे. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल तर कारण सापडेपर्यंत व्यवहार नको.

७. कागद, चाव्या, सुटे भाग

चॅसिस नंबर फ्रेमवर स्वतः वाचा, कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि त्याच नंबरावर उत्पादकाचा रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणे) बाकी आहे का तपासा. विम्याचा हप्ता किती पडेल हे घेण्याआधी विचारा. इमोबिलायझरच्या (ओळखीच्या चावीशिवाय चालू न होणाऱ्या) गाडीला दोन्ही चाव्या हव्यात. काही मॉडेलांना लाल रंगाची मास्टर चावी असते आणि ती हरवलेली असेल तर नवी चावी करणे महागात पडते. सायलेन्सर, लीव्हर, मागचा मडगार्ड बदललेला असेल तर मूळ भाग सोबत घ्या. मूळ भागच नसतील तर भावात तेवढे कमी करा. आमचा कल नेहमी न छेडलेल्या गाडीकडे असतो, मग रंग थोडा उडालेला का असेना.

८. घरी आणल्यावर

इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदला, मागची तारीख कुणी काहीही सांगो. हवेचा दाब स्विंगआर्मवरच्या स्टिकरनुसार ठेवा.

मग शॉकअप तुमच्या वजनाला लावा. पूर्ण पोशाख घालून बसा, आणि चाके हवेत असताना व तुम्ही बसल्यावर मागचा भाग किती खाली येतो ते मोजून घ्या. रस्त्यासाठी ३० ते ४० मि.मी. योग्य. जास्त बसत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) वाढवा, कमी असेल तर सोडा. प्रीलोड शेवटपर्यंत आवळूनही ४० च्या खाली येत नसेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कमी पडते, ती बदलावी लागेल.