धुक्याचे घड्याळ पाहून सॅन डिएगोची दोन दिवसांची सहल

लॉस एंजेलिसला मुलांकडे आलेले आईवडील असोत किंवा एखाद्या परिषदेसाठी कॅलिफोर्नियात आलेली मंडळी, पुष्कळ जणांच्या हाती शेवटी दोनच मोकळे दिवस उरतात. ते सॅन डिएगोला द्यायचे ठरवल्यास शनिवार आणि रविवार निवडावेत. त्यामागची कारणे पुढे येतीलच. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेले हे बंदराचे शहर मोठे असले, तरी पाहुण्याला हवा असलेला त्याचा बराचसा भाग खाडी आणि समुद्र यांच्या काठाने पसरलेला आहे आणि मोटार न घेताही तो पाहता येतो.

सहल आखताना आधी हवामान समजून घ्यावे. उत्तरेकडून येणाऱ्या सागरी प्रवाहामुळे इथल्या किनाऱ्याचे पाणी थंड असते, त्यावरची दमट हवाही थंड होते आणि वरच्या उबदार हवेच्या थराखाली अडकून तिचे खालच्या उंचीवरचे ढग बनतात. मे आणि जून महिन्यांत तर सकाळी आकाश राखाडी असणे हाच नियम असतो आणि ऊन बहुधा दुपारच्या सुमारास पडते, कधी कधी पडतही नाही. ‘कॅलिफोर्निया म्हणजे ऊन’ अशा समजुतीने सकाळी आठला समुद्रकिनारा गाठणाऱ्याच्या पदरी त्यामुळे निराशा येते. ज्या गोष्टींना दूरवरची दृष्टी लागत नाही त्या सकाळी पाहाव्यात आणि समुद्र दुपारनंतरसाठी राखावा. जुलै महिन्यातही संध्याकाळी वारा बोचतो, म्हणून स्वेटर किंवा शाल जवळ असू द्यावी.

लॉस एंजेलिसहून येताना पॅसिफिक सर्फलायनर ही रेल्वेगाडी सोयीची आहे. तिला साधारण तीन तास लागतात आणि वाटेतील काही अंतर ती अगदी समुद्राला खेटून धावते. दक्षिणेकडे येताना उजव्या हाताची खिडकी मिळवावी. किनाऱ्यालगतच्या दरडींमुळे हा लोहमार्ग अधूनमधून बंद ठेवावा लागतो, म्हणून निघण्यापूर्वी गाडीची खात्री करून घ्यावी. गाडी शहराच्या मध्यभागी सांता फे डेपो या १९१५ सालच्या देखण्या स्थानकात पोहोचते. मुक्काम या स्थानकाच्या आसपास किंवा लिटिल इटली भागात केल्यास खाडी चालत गाठता येते. शहरातल्या लाल ट्रॉलीसाठी (म्हणजे शहरांतर्गत हलक्या रेल्वेसाठी) आणि बससाठी ‘प्रोंटो’ हे कार्ड किंवा त्याचे ॲप घ्यावे. ट्रॉलीच्या फलाटावर अडवणारे दार नसते, त्यामुळे चढण्यापूर्वी यंत्राला कार्ड लावण्याचे राहून जाते आणि तपासनीस मात्र गाडीत येतात. ट्रॉलीची ब्लू लाइन थेट सीमेवरच्या सॅन इसिद्रोपर्यंत जाते. तिथून ‘सहज पलीकडे डोकावून येऊ’ असा विचार व्हिसाच्या अटी पाहिल्याशिवाय करू नये.

शनिवारी सकाळी लिटिल इटलीत शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथेच न्याहारी उरकून खाडीकाठी उतरावे. सागरी संग्रहालयाच्या धक्क्यावर उभे असलेले ‘स्टार ऑफ इंडिया’ हे शिडाचे लोखंडी जहाज मराठी पाहुण्याने चुकवू नये. १८६३ साली आयल ऑफ मॅन बेटावर ते ‘युटर्पी’ या नावाने बांधले गेले आणि त्याच्या पहिल्या सफरी कलकत्त्याच्या मार्गावर झाल्या. पहिल्या सफरीत टक्कर आणि खलाशांचे बंड, तर दुसऱ्या सफरीत बंगालच्या उपसागरातले वादळ, असा त्याचा भारताशी आलेला संबंध फारसा सुखाचा नव्हता. गंमत म्हणजे आजचे नाव त्या सफरींमुळे पडलेले नाही. पुढे ते विकत घेणाऱ्या कंपनीच्या जहाजांची नावे ‘स्टार’ने सुरू होत असत, म्हणून १९०६ साली हे नामांतर झाले. त्याआधी न्यूझीलंडला स्थलांतरितांना नेणाऱ्या या जहाजाच्या खालच्या मजल्यावर उतरल्यावर त्या काळचा समुद्रप्रवास किती दाटीवाटीचा होता, हे कळते. जवळच ‘मिडवे’ ही विमानवाहू युद्धनौका आहे. ती नीट पाहायला तीन-चार तास लागतात, म्हणून दोन्हींपैकी एकच निवडावे. माझे मत शिडाच्या जहाजाला.

दुपारी ट्रॉलीने ओल्ड टाउनला जाऊन तिथून ३० क्रमांकाची बस घ्यावी आणि ला होया येथे उतरावे. नाव ‘जोला’ असे लिहिलेले दिसले, तरी उच्चार ‘होया’च करावा. इथल्या खडकांवर समुद्रसिंह आणि सील हे दोन्ही प्राणी मोकळेपणाने पडलेले असतात आणि बहुतेक पाहुणे दोघांनाही ‘सील’ म्हणून मोकळे होतात. बाहेरून कानाची पाळी दिसत असेल आणि प्राणी पुढच्या वल्ह्यासारख्या पायांवर उठून चालत असेल, तर तो समुद्रसिंह. कानाच्या जागी नुसते छिद्र असेल आणि तो पोटावर सरपटत असेल, तर सील. समुद्रसिंहांचा आवाज आणि वास दोन्ही आधीच स्वागत करतात. सील पाहायला थोडे पुढे ‘चिल्ड्रन्स पूल’पर्यंत जावे. १९३१ साली मुलांना सुरक्षित पोहता यावे म्हणून तिथे बांध घातला गेला, पण पुढे त्या शांत पाण्याचा ताबा सीलनीच घेतला. त्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे १५ डिसेंबर ते १५ मे, त्या वाळूवर उतरण्यास मनाई असते. इतर वेळीही प्राण्यांपासून अंतर राखावे. सूर्यास्त इथेच पाहून परतावे.

रविवारची सकाळ बाल्बोआ पार्कसाठी ठेवावी; मध्य शहरातून ७ क्रमांकाची बस तिथे जाते. सुमारे १,२०० एकरांच्या या उद्यानातल्या स्पॅनिश धाटणीच्या नक्षीदार इमारतींपैकी बऱ्याच पनामा कालव्याच्या निमित्ताने १९१५ साली भरलेल्या प्रदर्शनासाठी उभ्या राहिल्या किंवा त्यांच्या नमुन्यावर नंतर पुन्हा बांधल्या गेल्या. सगळी संग्रहालये पाहण्याचा हट्ट धरू नये. एक निवडावे आणि बाकी वेळ कमळांच्या तळ्याकाठी व कमानींखाली फिरावे. प्राणिसंग्रहालय याच उद्यानात आहे, पण त्याला एक स्वतंत्र दिवस लागतो. दुपारी दोन वाजता मात्र स्प्रेकल्स ऑर्गन मंडपात बसावे. पाच हजारांहून अधिक नळ्यांचा हा ऑर्गन उघड्यावर वाजतो आणि रविवारची मैफल विनामूल्य असते.

मैफलीनंतर ब्रॉडवे धक्क्यावरून फेरीबोटीने पंधरा मिनिटांत कोरोनाडोला जावे. धक्क्यापासून ऑरेंज ॲव्हेन्यूने अर्धा तास चालले, की १८८८ सालचे लाल छपरांचे ‘हॉटेल डेल कोरोनाडो’ आणि त्यामागचा रुंद किनारा लागतो. वाळूतल्या अभ्रकामुळे उतरत्या उन्हात तो चमकतो. पाण्यात घोट्यांपर्यंत जायला हरकत नाही, पण पोहण्याआधी ते किती थंड आहे हे पायाने तपासावे. परतीची शेवटची बोट किती वाजता सुटते, हे जातानाच विचारून ठेवावे.

शाकाहारी माणसाची इथल्या मेक्सिकन उपाहारगृहांत चांगली सोय होते, मात्र घेवड्याची उसळ डुकराच्या चरबीत आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला नाही ना, हे मागणी देण्यापूर्वी विचारावे. विचारल्याचा कोणाला राग येत नाही. उलट विक्रेता बहुधा आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून येतो. रस्त्यातले अनोळखी लोकही ‘कसे आहात’ म्हणतात, त्यावर ‘छान, तुम्ही?’ एवढेच उत्तर पुरते. थांबून खुशाली सांगू लागल्यास समोरचा भांबावतो.