व्याख्यान चालू असतानाच चित्रटिपणे काढताना

व्याख्यान चालू असताना वक्त्याचे मुद्दे मोठ्या कागदावर चित्रांसह टिपत राहिल्यास, एडीएचडीमुळे (अवधान-कमतरता व अतिचंचलता) ज्यांचे लक्ष मध्येच उडते किंवा डिस्लेक्सियामुळे (वाचन-लेखनातील अडचण) ज्यांना भराभर लिहून घेणे जमत नाही, अशा श्रोत्यांना सुटलेला धागा पुन्हा पकडता येतो. त्यासाठी कागद मंचालगत, बसल्या जागेवरून वाचता येईल असा लावावा. मागच्या भिंतीवर तो केवळ शोभेचा ठरतो. चित्रकाराला विषयपत्रिका आणि विशेषनामांची यादी आदल्या दिवशीच द्यावी. अक्षरे मोठी व सुटी असावीत आणि अनुस्वार, मात्रा दुरूनही ओळखू याव्यात. पांढऱ्यावर पिवळे लिहू नये. टॅबलेटवर काढून पडद्यावर दाखवत असल्यास मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक (कॉन्ट्रास्ट) डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या, निकषानुसार किमान ४.५:१ ठेवावा. काही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) श्रोत्यांना रूपकात्मक चित्रे संदिग्ध वाटतात, म्हणून ‘अडचण’ दाखवायला डोंगर काढलाच, तर त्याखाली तो शब्दही लिहावा. मुद्द्यांचा क्रम आकड्यांनी दाखवावा. देखणा पण विस्कळीत फलक (आणि असे फलकच समाजमाध्यमांवर अधिक मिरवतात) गोंधळ वाढवतो. चित्रकाराचा सतत हलणारा हात काहींना त्रासदायक वाटत असल्याने, जिथून कागद दिसणार नाही अशाही काही खुर्च्या राखाव्यात.