प्रस्तावित रायफल-निर्बंधांवर हरकत कशी नोंदवावी : नेमबाजांसाठी मार्गदर्शन

एखाद्या प्रकारच्या रायफलींवर बंदी किंवा कडक निर्बंध घालण्याचा मसुदा सरकारने जाहीर केला, की नेमबाजांमध्ये आधी संताप उसळतो आणि त्यापाठोपाठ ‘आपली रायफल यात येत नसावी’ असा निर्धास्तपणा पसरतो. या दोन्हींत हरकत नोंदवण्याची मुदत निघून जाते. माझे सांगणे एवढेच आहे, की सरकारच्या हेतूला उत्तर देत बसू नये, मसुद्यातील शब्दांना उत्तर द्यावे. हेतू सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. शब्द मात्र बदलून घेता येतात आणि ते बदलले गेल्याची उदाहरणे आहेत.

त्यासाठी सर्वांत आधी मूळ मसुदा मिळवावा. बातमीवरून निवेदन लिहू नये, कारण बातमीत ‘घातक रायफलींवर बंदी’ एवढेच असते, तर मसुद्यात व्याख्या असते, अनुसूची असते, अंमलाची तारीख असते आणि आधीपासून रायफल बाळगणाऱ्यांचे काय होणार याची तरतूद असते, किंवा ती नसते, आणि ती नसणे हाच आपला पहिला मुद्दा ठरतो. मसुदा छापून घ्यावा, आपल्या रायफलीला लागू होणाऱ्या प्रत्येक ओळीखाली रेघ ओढावी आणि समासात कलमाचा क्रमांक लिहावा. पुढचे सगळे लेखन या क्रमांकांच्या आधाराने करायचे आहे.

निर्बंधाचे माप बहुधा नळीचा व्यास, गोळीची ऊर्जा, काडतूस पुन्हा भरण्याची यंत्रणा किंवा मॅगझिनची (काडतुसांच्या पेटीची) क्षमता यांपैकी एखादे असते. कधी मॉडेलांची नावानिशी यादीच दिलेली असते. माप कोणते आहे हे कळले तरी ते कुठे आणि कसे मोजायचे हा प्रश्न उरतोच. कॅनडाने १ मे २०२० रोजी सुमारे दीड हजार मॉडेलांवर बंदी घातली, त्याबरोबर २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक व्यासाच्या नळीची आणि १०,००० ज्यूलहून अधिक ऊर्जेची शस्त्रेही प्रतिबंधित केली. बारा बोअर शॉटगनच्या नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर आणि दहा बोअरचा १९.७ मिलिमीटर असतो. पण नळीच्या तोंडाशी बसवायचा, ते तोंड किंचित अरुंद करणारा चोक काढून टाकला, तर तिथला भाग याहून रुंद भरतो. मग मोजायचे कुठे? हा प्रश्न नेमबाजांनी आणि शिकाऱ्यांनी लावून धरला, तेव्हा या दोन्ही शॉटगन बंदीत येत नाहीत आणि व्यास चोकच्या अलीकडे मोजायचा, असा खुलासा सरकारला करावा लागला. हा खुलासा भाषणबाजीने मिळालेला नाही, तो एका मोजमापाच्या प्रश्नाने मिळालेला आहे.

ऊर्जेचे माप असेल, तर आकडेमोड स्वतः करावी. गोळीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये घ्यावे, वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावा, वेगाचा वर्ग करून त्याला वस्तुमानाने गुणावे आणि आलेल्या संख्येला दोनने भागावे. उत्तर ज्यूलमध्ये येते. पॉइंट टू-टूची (म्हणजे .२२ इंच व्यासाची) २.६ ग्रॅमची गोळी ३२५ मीटर वेगाने निघाली, तर ऊर्जा सुमारे १३७ ज्यूल भरते. पॉइंट थ्री-झिरो-एटची १०.९ ग्रॅमची गोळी ८०० मीटर वेगाने निघाली, तर सुमारे ३,४९० ज्यूल. पॉइंट फाइव्ह-झिरोची ४२ ग्रॅमची गोळी ९०० मीटर वेगाने निघाली, तर सुमारे १७,००० ज्यूल. हे तीन आकडे एकाखाली एक मांडले, की ज्याने कधी रायफल हातात धरलेली नाही त्या अधिकाऱ्यालाही ‘रायफल’ या एका शब्दाखाली किती भिन्न वस्तू येतात ते दिसते.

वेग मात्र काडतुसांच्या खोक्यावरून उतरवून घेऊ नये. खोक्यावरचा आकडा कारखान्यातील चाचणीच्या नळीचा असतो आणि आपली नळी त्याहून आखूड किंवा लांब असू शकते. वेगमापक यंत्रासमोर किमान दहा गोळ्या झाडाव्यात आणि वहीत प्रत्येक गोळीचा वेग, काडतुसांचा लॉट क्रमांक, नळीची लांबी, त्या दिवसाचे तापमान आणि रेंज अधिकाऱ्याची सही घ्यावी. हे पान निवेदनाला जोडावे. मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या रायफलीसाठी अशी नोंद दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा अधिक उपयोगी पडते, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण क्लबांमध्ये यंत्र असते आणि वही नसते.

यंत्रणेवर निर्बंध असेल, तर ती यंत्रणा साध्या शब्दांत, टप्प्याटप्प्याने लिहावी लागते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने दोन प्रकारच्या रायफलींवर बंदी सुचवून मते मागवली. एक प्रकार होता १३,६०० ज्यूलहून अधिक ऊर्जेच्या, म्हणजे मुख्यतः पॉइंट फाइव्ह-झिरोच्या रायफली. दुसऱ्या प्रकारात गोळी झाडल्यावर वायूच्या दाबाने बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे येतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि बोल्ट मागेच अडकून राहतो. नेमबाजाने कळ दाबली किंवा ट्रिगर दुसऱ्यांदा ओढला, तरच तो पुढे जाऊन नवे काडतूस भरतो. हातांत पुरेशी शक्ती नसलेल्या दिव्यांग नेमबाजांना बोल्ट हाताने ओढण्यापेक्षा अशी रायफल सोयीची पडते, हा मुद्दा तेव्हा संसदेतही मांडला गेला.

या दोन प्रकारांचे पुढे जे झाले ते प्रत्येक नेमबाजाने लक्षात ठेवावे. पॉइंट फाइव्ह-झिरोवरील बंदी नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने विधेयकातून काढून घेतली. दुसऱ्या प्रकारावरील बंदी मात्र २०१९ च्या कायद्यात नुकसानभरपाईच्या तरतुदीसह कायम राहिली. दिव्यांग नेमबाजांचा मुद्दा माझ्या मते न्याय्य होता, तरीही तो टिकला नाही. पहिल्या प्रकाराच्या बाजूने सर जेफ्री क्लिफ्टन-ब्राऊन या सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी उपसूचना दिली होती आणि त्यांच्या मागे पक्षातील बरेच सदस्य उभे होते. म्हणून केवळ मते मागवण्याच्या टप्प्यावर निवेदन देऊन थांबू नये. विधेयक सभागृहात येईल तेव्हा कोणते शब्द वगळावेत आणि त्यांच्या जागी कोणते घालावेत, अशी तयार उपसूचना कायद्याच्या भाषेत लिहून एखाद्या सदस्याच्या हाती द्यावी. सदस्यांकडे सहानुभूती असते, पण कलम लिहायला वेळ नसतो.

आता निवेदनाविषयी. सुरुवातीच्या तीन-चार ओळींत आपण किती वर्षे नेमबाजी करता, कोणत्या प्रकारात करता आणि परवान्यावर कोणत्या प्रकारची रायफल आहे हे सांगावे. निर्बंध एखाद्या हत्याकांडानंतर आले असतील, तर त्यातील मृतांविषयी पहिल्याच परिच्छेदात मनापासून लिहावे, आणि त्या वाक्याला ‘परंतु’ जोडू नये. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या; पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये पिस्तुलांवर बंदी आली आणि तिथल्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले, तर २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतील पिस्तूल प्रकारांसाठी विशेष परवानगीची सोय करावी लागली. खेळाचे हे नुकसान खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे, पण ज्यांची मुले गेली त्यांच्या दुःखाच्या तराजूत ते ठेवू नये. गाडीखाली किंवा सुरीनेही माणसे मरतात, हा युक्तिवादही टाळावा. तो वाचणाऱ्याला फक्त दुखावतो.

त्यानंतर थेट कलमावर यावे. एका मुद्द्याला एक परिच्छेद द्यावा आणि प्रत्येक परिच्छेदात कलम, आक्षेप, प्रत्यक्ष परिणाम आणि पर्यायी शब्दरचना या क्रमाने लिहावे. मसुद्याच्या चौथ्या कलमात ‘जलद गोळीबार करू शकणारी रायफल’ एवढीच मोघम व्याख्या आहे असे समजू. मग पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘कलम ४ मधील “जलद” हा शब्द कोणत्याही मोजमापाशी जोडलेला नाही. त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागणारी माझी पॉइंट टू-टू रायफल त्यात येते किंवा नाही, हे मला, परवाना अधिकाऱ्याला किंवा न्यायालयाला ठरवता येणार नाही. या शब्दाऐवजी “वायूच्या दाबाने किंवा प्रतिक्षेपाने (गोळी सुटताना बसणाऱ्या मागच्या धक्क्याने) आपोआप पुढील काडतूस भरणारी” अशी रचना करावी आणि रिमफायर काडतुसाच्या रायफली स्पष्टपणे वगळाव्यात.’ रिमफायर म्हणजे ज्याच्या बुडाच्या कडेवर घाव बसतो ते काडतूस, पॉइंट टू-टूचे असते तसे. ते वगळण्याची मागणी अवास्तव नाही. न्यूझीलंडने २०१९ मध्ये, क्राइस्टचर्च येथील हल्ल्यानंतर, अर्धस्वयंचलित रायफलींवर कठोर बंदी आणली, तेव्हाही दहा गोळ्यांपर्यंतच्या मॅगझिनच्या रिमफायर रायफली वगळल्या होत्या.

त्याच न्यूझीलंडमध्ये समितीपुढे लेखी मत देण्यासाठी लोकांना जेमतेम दोन दिवस मिळाले होते. म्हणून आपली वही, परवान्याची प्रत, क्लबच्या सदस्यत्वाचा आणि स्पर्धांचा दाखला हे सगळे एका फायलीत आधीपासून तयार असावे. मसुदा आल्यावर शोधाशोध करायला वेळ उरत नाही.

नुसता नकार देऊन थांबू नये, पर्याय द्यावा. रायफल चोरीला जाऊन गुन्हेगाराच्या हाती पडेल ही सरकारची भीती असेल, तर साठवणुकीचे कडक नियम सुचवावेत, म्हणजे बोल्ट आणि रायफल वेगवेगळ्या कुलुपांत ठेवणे, लोखंडी तिजोरी भिंतीत आणि जमिनीत पक्की करणे, अधिकाऱ्याकडून वेळोवेळी तपासणी करून घेणे. ब्रिटिश सरकारने पॉइंट फाइव्ह-झिरोवरील बंदी मागे घेतल्यावर २०२० मध्ये अशा रायफलींच्या साठवणुकीविषयीच मते मागवली, म्हणजे चर्चा ‘असावी की नसावी’ यावरून ‘कशी ठेवावी’ यावर आली. आपण जे स्वतःहून पाळायला तयार आहोत तेच सुचवावे. दुसऱ्याच्या रायफलीचा बळी देऊन आपली वाचवण्याचा प्रयत्न करू नये. पॉइंट टू-टूवाल्याने ‘मोठ्या बोअरच्या रायफली खुशाल बंद करा’ असे लिहिलेले मी वाचले आहे आणि ते वाचून मला वाईट वाटले.

क्लबने एक नमुना पत्र काढून सर्वांनी त्यावर सह्या कराव्यात, ही पद्धत सोपी आहे, पण दुबळीही आहे, कारण शब्दशः सारखी पत्रे बहुधा एका मुद्द्याखाली एकत्र मोजली जातात. क्लबने मुद्दे द्यावेत, वाक्ये ज्याची त्याने लिहावीत. निवेदने पुढे सार्वजनिक होऊ शकतात. म्हणून मजकुरात घरचा पत्ता, रायफलीचा क्रमांक, ती घरात कुठे ठेवली आहे याचे वर्णन किंवा तिजोरीचे छायाचित्र देऊ नये.

लोकप्रतिनिधीला रेंजवर बोलवावे. पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या हाती रायफल देण्याची घाई करू नये. रायफल टेबलावर, बोल्ट उघडा, नळीचे तोंड लक्ष्याकडे आणि चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागी) घातलेली भडक नारिंगी सुरक्षा-दोरी बाहेर दिसत असलेली, असे आधी नुसते पाहू द्यावे. मग एखाद्या नेमबाजाला ५० मीटर थ्री पोझिशनचा सराव करताना दाखवावे. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले तो हाच प्रकार. यात गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा एकूण ६० गोळ्यांसाठी ९० मिनिटे मिळतात आणि लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे. दोन गोळ्यांमध्ये नेमबाज रायफल खांद्यावरून उतरवतो, श्वास सोडतो, वाऱ्याचे निशाण पाहतो आणि कधी नेम धरूनही गोळी न झाडता रायफल पुन्हा खाली घेतो. ती न झाडलेली गोळी पाहुण्याला मुद्दाम दाखवावी. कोणत्याही निवेदनातून ती सांगता येत नाही.

निवेदन दिल्यावर पोचपावती घ्यावी आणि तिचा क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रात लिहावा. कायदा मंजूर झाल्यावरही काम उरते, कारण पुष्कळ तपशील नियमांत ठरतात. भारतात २०१९ च्या शस्त्र सुधारणा विधेयकात प्रत्येकी तीनऐवजी एकच बंदूक ठेवण्याची मर्यादा प्रस्तावित होती. कायदा झाला तो दोनच्या मर्यादेचा. त्यानंतर फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने नामवंत नेमबाजांना, ते किती प्रकारांत खेळतात त्यानुसार, बारापर्यंत शस्त्रे ठेवण्याची मुभा दिली आणि सरावाच्या पॉइंट टू-टू काडतुसांची मर्यादा १,००० वरून ५,००० केली. खेळासाठीची सूट अनेकदा या दुसऱ्या टप्प्यात मिळते, आणि तोपर्यंत बहुतेक जण थकून घरी बसलेले असतात.

हे सगळे करूनही निर्बंध लागू झाला, तर तो पाळावा. रायफलीत घरच्या घरी फेरफार करून ती व्याख्येबाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. तसा बदल करायचाच असेल, तर परवानाधारक शस्त्रकाराकडून आणि अधिकाऱ्याच्या लेखी संमतीने करून घ्यावा. जमा करण्याची अंतिम तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. नुकसानभरपाईच्या अर्जात केवळ रायफल लिहू नये. साइट, दस्ता, राखीव नळी, काडतुसे आणि ती पुन्हा भरण्याचे साचे यांचीही बिलांसह यादी जोडावी. जमा करताना रायफलीचा क्रमांक, मॉडेल आणि स्थिती पावतीवर अधिकाऱ्यासमोर लिहून घ्यावी, सही व शिक्का तपासावा, आणि ती पावती हाती पडेपर्यंत काउंटर सोडू नये.