पार्किंगमध्ये गाडीचा रिमोट चालत नव्हता, कारण निघालं पंपरूममध्ये

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा रिमोट अचानक चालेनासा झाला, आणि गंमत म्हणजे गेटबाहेर आला की एकदम झकास. सेल बदलला, फरक शून्य. मग शेजारच्या काकांचाही रिमोट तसाच करतोय कळलं, म्हणजे गडबड गाडीत नव्हतीच. आपल्याकडचे बरेच रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि वायरलेस बेल, गेटचे रिमोट, असलं बरंच काही त्याच्याच आसपास, त्यामुळे एखादं यंत्र बिघडून सतत सिग्नल सोडत बसलं की रिमोटचा बारीक सिग्नल गाडीला ऐकूच येत नाही, भर लोकलमध्ये कुजबुजल्यासारखं. वॉचमनला सोबत घेऊन खालची एकेक वस्तू बंद करत गेलो, आणि पंपरूममधला पाण्याच्या टाकीचा वायरलेस कंट्रोलर बंद केला तशी गाडी टुक्‌कन उघडली! आता तिथे वायरवाला फ्लोट स्विच (टाकीतल्या पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा) लावलाय, स्वस्तातला वायरलेस माल मला तरी पटत नाही.

असं कारण सापडेपर्यंत अडलात तर बहुतेक रिमोटच्या पोटात साधी चावी असते, तिने दार उघडा (काही गाड्या अलार्म करतात, घाबरू नका). पुश स्टार्टवाल्या बऱ्याच गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणाला टेकवला की गाडी चालू होते, नेमकी जागा मॅन्युअलमध्ये बघा.