पोटुशीचं ताट आणि बीपी: पाटणच्या एका आशाताईकडून

आमच्या पाटणच्या डोंगरात पोरीच्या पायाला सूज दिसली की सासूबाई आधी तिचं मीठ तोडतात. तोडू नका. अळणी खाऊन प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळाला धोका करणारा आजार, टळत नाही. पापड-लोणचं आवरा, जेवणात बेताचं मीठ राहू द्या.

खरी उणीव कॅल्शियमची, ते कमी पडलं की या आजाराचा धोका वाढतो. चहातलं चमचाभर दूध म्हणजे दूध नव्हे! नाचणी घरचीच आहे. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. तिची भाकरी, सोबत ताक, तिळाची चटणी, कधी शेवग्याच्या पाल्याची भाजी. चौथ्या महिन्यापासून सरकारी कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. लोहाची गोळी त्याच वेळी नको, दोन तासांचं अंतर ठेवा.

पण नुसत्या ताटावर विसंबू नका. प्रत्येक तपासणीत बीपी आणि लघवी बघून घ्या, विसाव्या आठवड्यानंतर तर नक्कीच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. आधीच्या खेपेला बीपी वाढलं होतं किंवा जुळं आहे, तर तिसऱ्या महिन्यातच सांगा. ॲस्पिरिन द्यायची का ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनानं घ्यायची नाही.

बीपी १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगडीखाली दुखतंय, तोंड एकाएकी सुजलंय, तर थेट १०८. सकाळच्या एसटीची वाट बघत बसायचं नाही.